फुंकर कुठल्या हद्दीत

पंचनाम्यात असं आहे:
आरोपी कायतान बार्रेतो, वय एकेचाळीस,
दरबारच्या बँडात कॉर्नेट वाजवणारा,
मोर्चाच्या दिवशी स्टेशनच्या फाटकात उभा होता.
डावा पाय रेल्वेच्या फरशीवर,
उजवा पायरीखाली, धुळीत.
फरशी इंग्रजांची.
धूळ महाराजांची.

मी हुजूर दफ्तरात दुभाषी.
मामा म्हापशाला मिठाच्या धंद्यात होते, म्हणून फिरंगी भाषा येते;
तेवढ्या भांडवलावर बावीस रुपये पगार.
तिन्ही पत्रं माझ्याच हातून गेली.

रेसिडेन्सीचं: वाजवलं आमच्या हद्दीत, पण माणूस आमचा नव्हे.
दरबारचं: माणूस आमच्या पगारावर, पण रयत आमची नव्हे.
पणजीहून महिन्यानं उत्तर आलं:
रयत आमची आहे. गुन्हा आमच्याकडे घडलेला नाही.
घडला असता तर
इतका पत्रव्यवहार आम्ही केला नसता.
(ही शेवटची ओळ मी भाषांतरात गाळली.)

मग वकिलांनी नवंच काढलं.
गुन्हा नेमका घडला कुठं,
ओठांशी की कानांशी?
फुंकर फरशीवरची खरी,
पण सूर शाहूपुरीत शिरला,
हमालांनी पाठीवरचे गुळाचे रवे खाली ठेवले,
आणि बिंदू चौकात पोचेतो
त्यात दोन हजार गळे मिसळले होते.
अमीन साखळी घेऊन आला.
फाटकापासून चौकापर्यंत उन्हात जमीन मोजली.
आवाज मोजायची साखळी
खात्यात नव्हती.

त्याची पोरगी फिलोमेना शुक्रवार पेठेत जन्मलेली,
पहाऱ्यावरच्या शिपायाला दटावायची,
"काय करालायस रे, पेज निवाली की!"
तिचं नाव कुठल्याच पत्रात नव्हतं.

मी कोठडीशी बसून विचारलं, का वाजवलंस?
म्हणाला, साहेबाच्या वाढदिवसाला वाजवलं,
दसऱ्याला, लग्नांना, कुस्त्यांना वाजवलं,
सांगतील तेव्हा, सांगतील ते.
त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.
एकदाच.
हे 'एकदाच' मी तिन्ही भाषांत लिहून पाहिलं,
जबाबात घेतलं नाही.

शेवटी निकाल लागलाच नाही, हुकूम निघाला. हद्दपार.
कारकुनाला विचारलं, कुठल्या हद्दीच्या पार?
तो म्हणाला, ते तुम्ही कागदात बघा.
आजऱ्यापाशी जहागीर, मग घाट, मग सावंतवाडीचं संस्थान,
त्यांचाही शिक्का लागला,
कैद्याच्या सावलीवरही जकात बसते की काय असं वाटलं.
ओढ्यापलीकडच्या चौकीतल्या हवालदारानं
कायतानला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
आणि मला पावती दिली:
मिळाला, इसम एक.
"म्हाका खंय व्हरतात?" कायताननं मला विचारलं.
ती तर त्याचीच भाषा, त्याचाच मुलूख,
मी काय भाषांतर करणार!

पुढं इंग्रज गेले, संस्थान विलीन झालं,
दफ्तरं पोत्यांत भरून निघाली.
फिलोमेना आली त्या गडबडीत,
डोक्यावर पदर, हातात वारसाचा अर्ज.
मुद्देमालाच्या वहीत सापडलं:
कॉर्नेट, नग एक, पितळी, तोंडाशी झिजलेलं.
मालकाचा रकाना कोरा.
साहेब जेवायला गेले होते.
मी म्हटलं, ओळखा बघू, तुमचंच का.

तिनं पदरानं पुसलं, ओठांना लावलं.
आधी नुसती धूळ निघाली,
मग एक घोगरा, बेसूर, वासरासारखा आवाज.
भवानी मंडपाकडचे टांगेवाले वळून बघू लागले.
आवक-जावकची वही माझ्यासमोर उघडी होती,
टाक शाईत बुडवलेला,
आणि खिडकीही उघडीच.